बाग त्यांची, चित्र आमचं!

शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं खरवस पाठवला की वाटी परत जाताना तिच्यात दोन लाडू जातात, नाहीतर चार हिरव्या मिरच्या, आणि अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर तरी जातेच. कुणी कुणाला किती दिलं याची वही कुणी घालत नाही. आमच्या नारायण पेठेत वाडे गेले, इमारती आल्या, तरी वाटीचा हा रिवाज अजून टिकून आहे.

पण मैत्रिणींनो, खाऊला लावलेला हा न्याय आपण कामाला लावतो का? कुणी आपल्यासाठी दोन तास खर्ची घातले, तर ती वाटी आपण भरून परत करतो, की धुऊन नुसतीच पालथी घालतो? गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि त्यातून आमच्या दिवाणखान्यात एक चित्र आलं. त्याचीच ही हकिगत.

‘पाच मिनिटं येऊन बघता का?’

मी साधी बी. ए. झालेली बाई. सकाळी घर, दुपारी पेठेतल्याच एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, संध्याकाळी दोन शिकवण्या. बागेचं वेड माहेरचं. लग्न होऊन आले तेव्हा सासरी चौथ्या मजल्यावरची गच्ची तेवढी होती. तिथं तेलाच्या डब्यांपासून सुरुवात केली. आज अकरा वर्षांनी पन्नासएक कुंड्या आहेत. काय मरतं, काय जगतं, हे पुस्तकापेक्षा मेलेल्या रोपांनीच जास्त शिकवलं!

गच्ची बघून लोक सल्ला विचारू लागले. “पाच मिनिटं येऊन बघता का हो?” म्हणून बोलावणं येई. पाच मिनिटांचे दोन तास होत. ऊन कुठून येतं ते बघा, माती चिमटीत धरून बघा, कुठली रोपं आणायची त्याची यादी करून द्या. वर आठ दिवसांनी फोन, “मोगरा पिवळा पडला, आता काय?” बदल्यात चहा-पोहे आणि “तुमचा हात लागला की झाड जगतं हं!” एवढी पावती. पैसे मागायला जीभ रेटत नसे. मागितले असते तर “नुसतं सांगायचे पैसे?” हे ठरलेलंच होतं.

आमचे ‘हे’ एकदा म्हणाले, “तू डॉक्टर असतीस तर ‘नुसतं सांगायचे’ पाचशे रुपये घेतले असतेस.” मी हसून सोडून दिलं. पण ते वाक्य मनातून गेलं नाही.

चित्रकलेच्या बाई

संक्रांतीनंतर शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून ज्या आल्या त्या जवळच्याच वाड्यात राहणाऱ्या. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली, त्यामुळे सगळी पेठ त्यांना ‘बाई’च म्हणते, आणि इथंही मी तेवढंच म्हणते. स्वतः जलरंगात सुरेख काम करतात. जुने वाडे, जिने, बोळ, भाजीवाल्या. वय सत्तरीच्या घरात.

स्पर्धा आटोपल्यावर म्हणाल्या, “तू ती गच्चीवरच्या बागेची ना? माझं मागचं अंगण बघशील का गं? तिथं बसून चित्र काढायचंय. आता तर नुसतं भकास फरशीचं मैदान झालंय.”

झालं, आणखी एक ‘पाच मिनिटं’, असं माझ्या मनात आलंच. पण बाईंनी पुढचं वाक्य लगेच बोलून टाकलं. “हे बघ, मला फुकट नको. पैसे देणं मला झेपणार नाही, पेन्शन औषधातच जाते. पण चित्र देईन. चालेल?”

मी गडबडून म्हटलं, “अहो बाई, चित्र कशाला? मी येते की सहज.”

त्यावर बाई जरा कडकपणे म्हणाल्या, “सहज कुणी काही करत नाही. माझ्याकडेही लोक येतात, म्हणतात, बाई, एवढी चित्रं पडलीत तुमच्याकडे, एखादं द्या ना दिवाळीचं. पडलीत म्हणे! कागद-रंग काय झाडाला लागतात?”

मला हसू आलं, आणि एकदम जाणवलंही. त्यांचं दुखणं आणि माझं दुखणं एकच होतं. जे काम आवडीनं केलं जातं त्याला किंमत नसते, असं जगानं ठरवून टाकलेलं. आणि आम्हीही ते मान्य करून बसलेल्या.

हे काही नवीन नाही

घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी चेष्टा केली, “वा! बलुतेदारी सुरू केलीस की काय?” सासूबाई म्हणाल्या, “त्यात काय हसायचं? आमच्या गावाला न्हावी, सुतार, कुंभार सगळे सुगीलाच धान्य न्यायचे.”

खरं आहे. बारा बलुतेदार वर्षभर गावाची कामं करत आणि पिकाच्या वेळी खळ्यावरून आपला वाटा नेत. पण ती व्यवस्था आपण उगाच गोड करून सांगू नये. कुणी काय काम करायचं ते जन्मानं ठरलेलं, आणि किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. १९७८ साली आलेलं दया पवारांचं ‘बलुतं’ ज्यांनी वाचलंय, त्यांना त्या वाट्यामागची लाचारी माहीत आहे. घेणाऱ्याला ‘एवढ्यात नाही परवडत’ म्हणायची सोय नव्हती. मला वाटतं, अदलाबदल चांगली की वाईट हे त्यावरच ठरतं. दोघांनाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

बाईंना ही बलुत्याची चेष्टा सांगितली, तर त्यांनी मला एक वेगळाच किस्सा ऐकवला. एअर इंडियानं १९५६च्या सुमाराला चित्रं घ्यायला सुरुवात केली, ती आपल्या नागपूरकडच्या चित्रकर्ती बी. प्रभा यांच्यापासून. पुढे कित्येक चित्रकारांना कंपनीनं पैशांऐवजी विमानाची तिकिटं दिली. चित्र द्या, परदेश बघून या! आणि १९६७ साली तर कमालच झाली. साल्वादोर दाली हा जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकार. त्यानं एअर इंडियाच्या खास प्रवाशांना भेट द्यायला एक राखदाणी घडवून दिली आणि मोबदला म्हणून काय मागितलं असेल? हत्तीचं पिल्लू! ते खरोखर बंगलोरहून विमानानं जिनिव्हाला आणि तिथून त्याच्या गावी पोचवलं गेलं.

“मग? मी तर नुसतं अंगणच मागतेय!” बाई म्हणाल्या.

अंगणाचं दुखणं

आमच्या पेठेत आज बाग म्हणजे खिडकीतली कुंडी. पण मोदी गणपतीच्या परिसरात एके काळी मोदी आडनावाच्या पारशी गृहस्थांची मोठी बाग होती, त्यावरूनच देवाला हे नाव पडलं. वाड्यांना परसू असे, विहीर असे, पूजेची फुलं विकत आणावी लागत नसत.

बाईंच्या वाड्यालाही परसू होतं. त्यांच्या आईचा मोगऱ्याचा ताटवा होता तिथं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत घुसलं, तेव्हा बाई सहा वर्षांच्या. पाणी ओसरल्यावर अंगणात गुडघाभर चिखल. तो उपसता उपसता मोगराही गेला. मग वडिलांनी वैतागून सगळ्या अंगणाला शहाबादी फरशी घालून टाकली. तेव्हापासून तिथं मातीच नाही.

दुसरी अडचण त्यांनी हळूच सांगितली. वाड्याचं बिल्डरशी बोलणं चाललंय. दोन वर्षं, पाच वर्षं, कधी पाडतील सांगता येत नाही. “तोवर तरी मातीचा वास येऊ दे,” म्हणाल्या.

हे ऐकल्यावर एक गोष्ट पक्की झाली. फरशी उखडायची नाही, बाग सगळी कुंड्यांतली करायची. उद्या वाडा गेला तरी बाग बाईंच्या बरोबर गेली पाहिजे.

खडूनं आखलेलं ऊन

ज्यांना घरच्या अंगणाची आखणी करायची आहे त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते सांगते.

पहिल्या दिवशी झाडाचं नावही काढलं नाही. अंगण मोजलं, अठरा फूट बाय बारा. मग शाळेतल्या खडूनं सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक आणि तीन वाजता उन्हाची कड फरशीवर आखली. दक्षिणेला पाचमजली इमारत. फेब्रुवारीत जेमतेम साडेदहा ते दीड एवढंच ऊन, तेही पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. इथं एक लक्षात ठेवायचं. आपल्या पुण्यात मे महिन्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि डिसेंबरात दक्षिणेला कललेला असतो. म्हणजे दक्षिणेची इमारत उन्हाळ्यात फारशी नडत नाही, हिवाळ्यात मात्र ऊन खाऊन टाकते. एका दिवसाचं ऊन बघून झाडं आणली की फसगत ठरलेली.

मग जागेचे तीन भाग केले. उन्हाच्या पट्ट्यात तुळस, जास्वंद आणि आईच्या आठवणीचा मोगरा. अर्ध्या सावलीत अबोली, तगर आणि कोरांटी. अगदी सावलीत नेचे आणि मनी प्लांट. नळापाशी चांगलं पाणी ठिबकतं तिथं अळू आणि सोनटक्का. साबणाचं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं.

तुळशीची गंमत सांगते. दगडी वृंदावन नेमकं सावलीत. त्यामुळे दर वर्षी तुळस वाळायची आणि बाईंना अपशकुन वाटायचा. अपशकुन कसला, उन्हाचा तुटवडा! आम्ही दोन कुंड्यांत दोन तुळशी लावल्या. एक वृंदावनात, एक उन्हात. दर चार दिवसांनी पाळी बदलायची. आता दोन्ही हिरव्यागार आहेत.

भिंतीला लागून एकही कुंडी ठेवली नाही. जुन्या वाड्याची विटा-मातीची भिंत, तिला सतत ओल लागली की पोपडे सुटतात आणि भिंत आतून खचते. म्हणून सगळं फूटभर पुढं, लोखंडी घडवंच्यांवर. माती भरताना एक भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाचा भुसा, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर खापरी ठेवायला विसरायचं नाही. कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्याच नाहीत. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात.

बाईंना मोठ्या टबात कमळं हवी होती. चित्राला छान! पण कमळाला रोज पाच-सहा तास तरी कडक ऊन लागतं. मी ‘नाही’ म्हटलं. त्या दोन दिवस हिरमुसल्या होत्या.

वही कुणी उघडायची?

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. पण आम्ही दोघींनी एक मोठी चूक केली होती. ‘बाग’ म्हणजे किती फेऱ्या आणि ‘चित्र’ म्हणजे कुठलं चित्र, हे ठरवलंच नव्हतं!

माझ्या मनात एक चित्र कधीचं भरलं होतं. बाईंच्या खोलीत टांगलेलं, अंगणातल्या मोगऱ्याचं, शेजारी पाठमोरी बसून फुलं तोडणारी बाई. मी मनातल्या मनात ते आमच्या भिंतीवर लावूनही टाकलं होतं. बाईंच्या मनात मात्र वहीच्या आकाराचं एखादं छोटं चित्र होतं. इकडे माझ्या फेऱ्या वाढत होत्या. आज ही कुंडी तिकडे, उद्या ती इकडे. मे महिन्यात पेपर तपासायचे ढीग घरी पडलेले आणि मी उन्हात माती कालवतेय. सासूबाई म्हणाल्या, “चित्र मिळेल तेव्हा मिळेल, आधी घरात वरण-भात मिळू दे.”

एक दिवस मी धीर करून मोगऱ्याच्या चित्राचा विषय काढला. बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ते नाही गं देता येणार. ती आई आहे माझी.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रागही आला. चार दिवस मी फिरकले नाही. मनात म्हटलं, फुकट करत होते तेच बरं होतं, निदान मनात काही राहत नव्हतं.

पाचव्या दिवशी बाईच जिना चढून आमच्याकडे आल्या. चार मजले, गुडघे धरून! हातात शंभर पानी वही. “बस,” म्हणाल्या, “आपण दोघी मास्तरणी. हिशेब मांडता येऊ नये?”

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसून हिशेब मांडला. माझ्या पाच फेऱ्यांचे पंधरा तास. घरी बसून आराखडा आणि याद्या केल्या त्याचे चार. मांजरीकडच्या रोपवाटिकेत जाऊन रोपं निवडून आणली त्याचे पाच. एकूण चोवीस तास. चोवीस! लिहिल्यावर माझाच विश्वास बसेना. मी शिकवणीचे तासाला तीनशे रुपये घेते. बाई म्हणाल्या, “मग इथं कमी का? डोकं तेच, हात तेच.” झाले सात हजार दोनशे. कुंड्या, माती, रोपं यांचे पाच हजार चारशे बाईंनी रोख दिलेच होते, ते यात धरले नाहीत.

आता त्यांची बाजू. प्रदर्शनात त्यांचं मध्यम आकाराचं जलरंगातलं चित्र चौकटीसकट नऊ हजारांना जातं. कागद, रंग, काच, चौकट यांचा खर्चही त्यांनी मांडून दाखवला. शिवाय पाच चित्रं फाडली जातात तेव्हा एक उभं राहतं, ते वेगळंच. मला हे काहीच माहीत नव्हतं. जसं त्यांना ठाऊक नव्हतं, की ‘नुसती यादी’ करायला मला दोन रात्री लागल्या.

नऊ हजार वजा सात हजार दोनशे, उरले अठराशे. म्हणजे माझे सहा तास. ठरलं, की पुढचे सहा महिने, महिन्यातून एक तास मी छाटणी-खताला जायचं. चित्र कुठलं? बाईंनी तीन काढून ठेवली, त्यांतलं एक मी निवडायचं. मोगऱ्याचं त्या तिघांत नसेल. दोघींनी खाली सह्या केल्या आणि मोठ्यानं हसलो. मनातलं जळमट मात्र त्या कागदानं साफ गेलं. वाटीचा हिशेब ठेवू नये हे खरं, पण तासांचा ठेवावा. न ठेवलेला हिशेब मनात चालूच राहतो, आणि मनातल्या हिशेबाला बेरीज येत नाही.

जिन्यावरचं ऊन

मी निवडलं ते चित्र वाड्याच्या लाकडी जिन्याचं आहे. चारच्या सुमाराचं ऊन तिसऱ्या पायरीवर पडलंय, कठड्यावर कुणाचा तरी पंचा वाळत घातलाय. बस्स, एवढंच. सासूबाई आधी म्हणाल्या, “जिना काय लावायचा भिंतीवर? देवाचं तरी घ्यायचंस.” पण रोज दुपारी चहाचा कप घेऊन त्या चित्रासमोरच बसतात हे मी पाहिलंय. परवा म्हणाल्या, “आमच्याही वाड्याला असाच जिना होता. तिसरी पायरी वाजायची.” इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

चित्र घरी आल्यावरही माझ्या हातून एक चूक झालीच, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. या संक्रांतीला मी उत्साहानं त्या चित्राचा फोटो काढून चाळीस छोट्या प्रती छापून घेतल्या आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या! सगळ्यांना फार आवडल्या. बाईंनाही एकीकडून कळलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “चाळीस घरांत माझं चित्र गेलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ‘नुसतं सांगायचे पैसे?’ म्हणणाऱ्या लोकांत आणि माझ्यात फरक काय राहिला? नंतर कायदाही समजून घेतला. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र घेतलं म्हणजे चित्र आपलं होतं. त्याच्या प्रती काढायचा हक्क, लेखी करून दिल्याखेरीज, चित्रकाराकडेच राहतो. त्याच्या हयातीत, आणि त्यानंतर साठ वर्षं वारसांकडे. मी माफी मागितली. बाईंनी उपायही त्यांच्या पद्धतीनं काढला. पुढच्या संक्रांतीच्या वाणासाठी त्या स्वतः छोटी कार्डं छापून घेणार, आणि मी ती रोख पैसे देऊन विकत घेणार!

अंगणाचं म्हणाल, तर पहिल्या पावसात लावलेला सोनटक्का गणपतीत फुलला. वास थेट बोळापर्यंत येत होता. बाई सकाळी तिथं बसून चित्रं काढतात. मोगऱ्यानं पहिल्या वर्षी चारच कळ्या दिल्या. त्या बाईंनी आईच्या चित्रापुढे ठेवल्या. वाड्याचं बोलणं अजून चालूच आहे. पण सव्वीस कुंड्या आहेत, आणि त्या टेम्पोच्या एका फेरीत जातात, हेही आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, “माझ्या खिडकीत काही लावून द्याल का? पाच मिनिटांचं काम.” मी म्हटलं, “पाच मिनिटांचं नाही, तीन तासांचं आहे. आणि मला दोन ब्लाऊज शिवून हवेत.” त्या जरा थबकल्या, मग खुदकन हसल्या आणि टेप काढून मापंच घ्यायला लागल्या.

कामाची अदलाबदल करताना

• बोलणी सुरुवातीलाच करा. किती फेऱ्या, किती तास, कधीपर्यंत, आणि बदल्यात नेमकं काय, हे कागदावर लिहा. मैत्री असली तर जास्तच स्पष्ट लिहा.

• सामानाचा खर्च वेगळा ठेवा. तो ज्याचा त्यानं रोख द्यावा. अदलाबदल फक्त कष्टांची आणि कलेची.

• आपल्या तासाचा दर आपण आधी मनाशी ठरवा. तुम्ही नाही ठरवलात तर दुसरा ‘शून्य’ धरतो.

• दोघांनाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. न पटल्यास कुठं थांबायचं तेही आधीच बोला.

• चित्र घेतलंत तर छापण्याआधी विचारा. मुद्दाम मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत हक्काचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून तेही कागदावर असू द्या.

जलरंगातलं चित्र घरी जपताना

• थेट ऊन पडेल तिथं लावू नका, रंग उडतात. गॅसच्या शेगडीजवळ आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरही नको.

• काच चित्राला चिकटता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि तो पुठ्ठा आम्लविरहित असावा, नाहीतर कागद पिवळा पडतो.

• चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि चित्र यांत हवा खेळते, पावसाळ्यात बुरशी धरत नाही.

• काच पुसताना पाणी काचेवर उडवू नका. कापड किंचित ओलं करून पुसा, म्हणजे कडेनं ओल आत जात नाही.

• भिंतीला ओल येत असेल तर पावसाळ्याचे चार महिने चित्र काढून कोरड्या कपाटात उभं ठेवा. पण आमच्यासारखं करू नका. आम्ही काढलं, तर सासूबाईंचा दुपारचा चहा गोड लागेना!